दोन टक्के जास्त

"सगळेच पाने अगदी सारखंच खोटं कसं बोलतील?" पप्पा म्हणाले आणि चष्मा काढून त्यांनी माझ्या फिजिक्सच्या वहीवर ठेवला.

शनिवारची सकाळ. क्लेमेंटीच्या आमच्या फ्लॅटमध्ये टेबल एकच, त्यामुळे त्यांचे कागद आणि माझा होमवर्क कायम एकमेकांत घुसलेले.

पप्पा जुरोंगच्या एका लॅबमध्ये पाने, म्हणजे बोल्ट आवळायचे स्पॅनर, तपासतात. डायलवर जेवढा आकडा दिसतो तेवढाच पीळ पाना बोल्टला देतो का, हे बघायचं आणि सर्टिफिकेट द्यायचं. इंग्रजीत टॉर्क, पप्पा पीळच म्हणतात. आधी ते हार्ड डिस्कच्या फॅक्टरीत होते. तिथले स्क्रू तिळाएवढे, पीळ न्यूटन-मीटरच्या हजाराव्या भागात मोजायचा. फॅक्टरी मलेशियात गेली, आणि पप्पा तेलाच्या रिगच्या माझ्या मनगटाएवढ्या बोल्टांकडे आले. तिथे हजारोंच्या हजारो न्यूटन-मीटर. मिली ते किलो, मध्ये सहा शून्यं आणि पप्पांची अठरा वर्षं.

जुने जपानी पाने मात्र किलो-मीटरात (अंतराचं किलोमीटर नव्हे) बोलतात आणि लॅबचं मशीन न्यूटन-मीटरात. पप्पा प्रत्येक आकडा कॅल्क्युलेटरवर बदलायचे, दोनदा. घरी आले की डोळे लाल. या जानेवारीत, सहा वर्षांनी, त्यांना सर्टिफिकेटवर सही करायचा अधिकार मिळाला. नुसता डिप्लोमा असलेले लॅबमधले ते पहिलेच. त्या आनंदात मी त्यांना एक्सेलचं शीट करून दिलं. एका खान्यात ग्रॅम-सेंटीमीटर टाका, दुसऱ्यात मेगान्यूटन-मीटर घ्या! मी सेकंडरी थ्रीत, म्हणजे नववीत, फिजिक्सला पहिली आलेय, हे आत्ताच सांगून टाकते. पुढे सांगायची सोय राहणार नाही.

पप्पांनी शीट आधी छोट्या स्क्रूड्रायव्हरवर तपासलं होतं. अर्धा किलो-सेंटीमीटर, हाताने आलं ०.०४९, शीटमध्ये ०.०५. मी दोनच दशांश ठेवले होते. जुळलं म्हणाले. मग मोठे नऊ पाने आले. नऊच्या नऊ दोन टक्के कमी दाखवत होते. पप्पांनी सगळ्यांचा पीळ तेवढा वाढवून घेतला, सह्या केल्या. काल दहावा आला, त्याच किलो-मीटरवाल्या जातीचा, पण खोक्यातून नवाकोरा. तोही दोन टक्के कमी.

"एकू, किलोचं न्यूटन करताना तू कितीने गुणलंस?"

"दहाने. गुरुत्वाकर्षणाचा जी बरोबर दहा."

"कोणी सांगितलं?"

"कोणी म्हणजे? सगळ्यांनी! पेपरवरच छापलेलं असतं, टेक जी ॲज टेन."

"नऊ पॉइंट आठ शून्य सहा सहा पाच," पप्पा म्हणाले. घरचा फोन नंबर सांगावा तसे.

माझे कान तापले. शंभर किलो-मीटर म्हणजे ९८१ न्यूटन-मीटर, हजार नव्हे. पाने बरोबरच होते. आम्ही ते बिघडवले होते.

मम्मी कणकेचे हात घेऊन बाहेर आली. "अहो, पण चार टक्क्यांपर्यंत चालतं म्हणता ना तुम्ही?"

"चालतं."

"मग कोणाला कळणारे?"

"कोणालाच नाही."

"मग झालं तर! सांगितलंत तर सही काढून घेतील तुमची. सहा वर्षं घासलीत त्या सहीसाठी."

पप्पांनी वहीवरचा चष्मा उचलून डोळ्यांवर लावला. मग उठून शर्ट शोधायला लागले. "ती चार टक्क्यांची सूट पान्याची आहे, भावना. माझी नाही."

मी पण त्यांच्याबरोबर लॅबला निघाले. मम्मी नको म्हणाली, पप्पांनी माझ्यासाठी दार उघडं धरलं. बसमध्ये मी माफीचं एक इंग्रजी भाषण पाठ केलं. पप्पा खिडकीला डोकं टेकून डोळे मिटून बसले होते, पण झोपलेले नव्हते.

मिस्टर कोह म्हणजे त्यांचे बॉस, साठीचे, शनिवारीही टाय लावलेले. पप्पांनी चार वाक्यांत सगळं सांगितलं. माझं नावच नाही! "कन्व्हर्जन चुकलं, मी नीट तपासलं नाही," एवढंच.

"अंकल, ते शीट मी केलं," मी मध्येच घुसले. "मिस्टेक माझी आहे."

कोह अंकलनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "यू साइन्ड, अह?"

"नो, अंकल."

"देन नॉट यू, लाह."

झालं माझं भाषण.

मग ते पप्पांना हळू आवाजात म्हणाले, "धम्मा, दुसरा कोणी असता तर सांगितलं नसतं. पण सही करणाऱ्यांच्या यादीत तुझं नाव मला ठेवता येणार नाही. पुढच्या वर्षी परत परीक्षा दे. मी शिफारस लिहून देईन."

"येस, मिस्टर कोह."

तीन पाने रिगच्या यार्डात परत गेले होते. ते मागवून घ्यायला अंकलनी तिथे स्वतः फोन केला. सहा अजून रॅकवर होते. पप्पांनी पहिल्याचा वाढवलेला पीळ कमी केला आणि तो मशीनला लावला. पाना जवळजवळ माझ्याएवढा लांब. ते पूर्ण अंग टाकून सावकाश ओढायचे, 'टक्' झालं की आकडा सांगायचे, मी लिहायचे. प्रत्येक पाना पाच वेळा. चौथ्या पान्यानंतर ते स्टुलावर बसले, खांदा धरून.

"पप्पा, मी ओढू?"

"तुझं वजन पुरणार नाही गं."

"मग सॉरी तरी म्हणू दे."

"तुझं शीट दर वेळी सारखंच चुकलं, म्हणून तर दहाव्या पान्याला थांबलो. हाताने करत असतो तर इतक्या दमणुकीत काय काय चुकलं असतं, ते कळलंही नसतं," ते म्हणाले. हे खरं होतं की माझ्यासाठी होतं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

दुपारी दोनला सहावा पाना संपला. पप्पांनी सहा नवी सर्टिफिकेटं छापली. खाली दोन रेघा असतात, मोजणाऱ्याची आणि मंजूर करणाऱ्याची. वरच्या रेघेवर त्यांनी सहा वेळा आपलं नाव लिहिलं, सुवाच्य, शाळेतल्यासारखं. खालची रेघ सोडून दिली. कागद एकावर एक नीट लावून कोह अंकलच्या ट्रेमध्ये ठेवले.

मग परत येऊन पान्याच्या मुठीवर उमटलेला स्वतःच्या घामाचा पंजा कोरड्या फडक्याने पुसला, आणि पाना त्याच्या खोक्यात आडवा ठेवला.