उजवीकडची पदकं

"लॉर्ना, गाडी थांबव," क्लेम म्हणाला. टेकडीचं दुसरं वळणही आलं नव्हतं.

"आता काय विसरलास?"

"पाना. हॅरिसनच्या पंपाचा..."

"सुटाबुटात पंप खोलणार आहेस? गप बस!"

मी थांबवली नाही. लग्नानंतर एकाही पंचवीस एप्रिलला, युद्धात गेलेल्यांच्या स्मृतिदिनाला, हा नवरा टेकडीवरच्या स्मारकापर्यंत चढला नव्हता. नेमका त्या सकाळी कुणाच्या तरी शेतावरचा पंप बिघडायचा आणि हा हत्यारांची पेटी घेऊन पसार व्हायचा. यंदा डॉक्टरांनी छातीचं दुखणं सांगितलं, तेव्हा आपणहून म्हणाला, "एकदा वर जाऊन येऊ." आणि आता नुसती चुळबुळ. ओव्हरकोटाच्या आत पदकं वाजत होती, ती हाताने दाबून धरत होता.

"ग्वेन असेल का गं?"

"तिच्या भावाचं नाव आहे स्मारकाच्या शिळेवर. ती नाही तर कोण असणार?"

ग्वेनचा डॅरिल आणि क्लेम एकाच बसने गाव सोडून व्हिएतनामच्या लढाईला गेले. क्लेम तेवढा परत आला. तेव्हापासून ग्वेन बाजारात दिसली की हा रस्ता बदलतो. मला राग येतो, आणि कीवही येते.

वर पोचल्यावर त्याने ओव्हरकोट काढला.

"अरे, उजवीकडे काय लावलीस! आपली डावीकडे. उजवीकडे घरच्या गेलेल्या माणसाची. शेंबड्या पोरालाही कळतं."

"मलाही कळतं," तो म्हणाला. "राहू दे."

मी गाडीचं दार लावलं.

शिळेजवळ एका तरुण बाईने कौतुकाने विचारलं, "वडिलांची का?" त्याने चक्क मान डोलावली.

बिगुल वाजला. सगळे स्तब्ध. क्लेम तेवढा या पायावरून त्या पायावर. माणसं पांगू लागताच तो गाडीकडे वळला, तर समोर ग्वेन. हातात गेलेल्यांच्या आठवणीची रोझमेरीची डहाळी, उजव्या छातीवर डॅरिलची पदकं.

"आता पळू नकोस हं. माझे गुडघे गेलेत, मागे धावता यायचं नाही."

"ग्वेन, मी..."

तिने डहाळी माझ्या हातात दिली. त्याची पदकं सोडवली आणि डावीकडे लावली. पिन दोनदा निसटली.

"उजवीकडे माझा भाऊ आहे," ती म्हणाली. "तू घरी आलायस, गाढवा."

उतारावर गाडी खड्ड्यांतून आदळत होती. पदकं खळखळ वाजत होती. क्लेमचे दोन्ही हात मांडीवर होते.