पायाला पाय लागला

साकोदाचा बूट गोम्बोसुरेनच्या बुटावर पडला तो शाळेच्या दाराशी, सकाळच्या गर्दीत. बाहेर उणे पस्तीस, आत घुसणाऱ्या पोरांचा लोंढा आणि पायरीवर साबणासारखा गुळगुळीत बर्फ. तिथे कुणाचाही पाय कुणावरही पडला असता. गोम्बोसुरेन शाळेचा भट्टीवाला, कोळसा जाळून सगळ्या खोल्यांच्या पाइपांतलं पाणी तापवणारा. त्याने हातातली कोळशाची बादली खाली ठेवली, उजवा हातमोजा काढला आणि पंजा पुढे केला.

साकोदाने काय करावं? तो कंबरेतून वाकला. दोन्ही हात मांड्यांना चिकटवून, मान खाली घालून, जपानात मोठ्या चुकीला वाकतात तितका वाकला. वर आला तर पंजा अजून समोरच. मग तो आणखी खाली वाकला, दोन पावलं मागे सरला आणि नजर न भिडवता तासाला पळाला.

आता मंगोलियात पायाला पाय लागला की हातात हात द्यायचा असतो. बाजारात, बसमध्ये, लग्नात, कुठेही. ओळख असो नसो, बोलणं न थांबवता लोक हात मिळवतात आणि पुढे जातात. नाही दिला तर त्याचा अर्थ एकच, तुझं माझं वैर. हे तिथे कुणी कुणाला शिकवत नाही, आणि म्हणूनच साकोदालाही कुणी शिकवलं नव्हतं. राजधानीत त्याला भाषा शिकवली, थंडीत कपड्यांचे किती थर घालायचे ते शिकवलं, कुत्र्यांपासून सांभाळायला शिकवलं. लोकांना असे हात मिळवताना त्याने पाहिलंही होतं. त्याला वाटलं, मंगोल माणूस फारच अगत्याचा.

दाराशी पोरं थबकली होती. गोम्बोसुरेन हा कधीकाळचा तालुक्याचा पैलवान, उन्हाळ्याच्या जत्रेत ‘हत्ती’ हा किताब मिळवलेला. त्याचा उघडा पंजा त्या थंडीत हवेत तसाच राहिला. कुणीतरी फिसकन हसलं. त्याने मोजा चढवला, बादली उचलली आणि तो भट्टीघराकडे निघून गेला.

साकोदा मुळात जपानच्या दक्षिणेकडचा, कागोशिमाचा, जिथे बर्फ पडला तर लोक फोटो काढतात. दोन वर्षांसाठी स्वयंसेवक म्हणून ज्युदो शिकवायला आला होता. इथे धुतलेला टॉवेल वाळत घातला की फळीसारखा उभा राहायचा. श्वास पापण्यांवर गोठायचा आणि डोळे मिटले की चिकटायचे. नाकातून रोज रक्त. पोरं मात्र चांगली होती. तो वर्गात शिरला की सगळी ताडकन उभी राहायची, पडली तरी हसायची, आणि त्याच्या मंगोल बोलण्याची नक्कल त्याच्यासमोरच करायची. त्यांच्यासाठी तो थंडी गिळायला तयार होता.

पण त्या सकाळपासून थंडी वेगळीच झाली. वसतिगृहाच्या टोकाला त्याची खोली, तिथला गरम पाण्याचा पाइप गार पडला. बाकी सगळीकडे ऊब, फक्त त्याच्या खोलीत खिडकीच्या आतून बर्फ. तो भट्टीघरात सांगायला गेला.

“दादा, माझा पाइप थंड आहे.”

“तुझ्या पाइपाचं मी काय करू?” गोम्बोसुरेन म्हणाला. “वाक त्याच्यासमोर. तापेल.”

भट्टीघरातले दोघं पोट धरून हसले. साकोदाला वाक्याचा निम्मा अर्थ कळला, हसण्याचा पूर्ण.

मग शाळेमागच्या बर्फावर समोरून येता येता त्या माणसाने खांदा असा घातला, की साकोदा पाठीवर आपटला आणि डोळ्यांसमोर काजवे चमकले. पुढच्या आठवड्यात मागून कोळशाचं ढेकूळ आलं आणि कानाच्या वर बसलं. टोपी होती म्हणून डोकं वाचलं. रक्त गालावर यायच्या आत गोठलं. साकोदा वळला तर गोम्बोसुरेन शांतपणे पुढचं ढेकूळ तळहातावर तोलत उभा होता.

हिवाळ्याच्या मांसासाठी शाळेने मेंढ्या आणल्या, तेव्हा साकोदाला पाय धरायला बसवलं. कापायला गोम्बोसुरेन. त्याने मेंढीच्या पोटाला हात जाईल एवढी चीर दिली, कोपरापर्यंत हात आत घातला, आणि आतली शीर चिमटीत धरून तोडली. एक थेंब रक्त जमिनीवर पडलं नाही. मेंढीचे पाय साकोदाच्या हातांत थरथरले आणि मऊ पडले. तेवढा वेळ गोम्बोसुरेन मेंढीकडे बघतच नव्हता. तो साकोदाकडे बघत होता.

साकोदा भ्याला, हे खरं. पण भीतीपेक्षा राग जास्त साचला. आपण कुणाच्या अध्यात ना मध्यात, माफी मागितली, तीही दोनदा, आणि हा माणूस आपल्या जिवावर उठलाय. रात्री तीन रजया अंगावर घेऊन तो दात-ओठ खात पडायचा.

एका दुपारी व्यायामशाळेत तास चालू होता. बाहेर वारा उठला होता आणि आकाश मातकट पिवळं झालं होतं. दार धाडकन उघडून गोम्बोसुरेन आत आला. कोट काढून त्याने कोपऱ्यात फेकला.

“काय रे पोरांनो, हा तुम्हाला काय शिकवतो? वाकायला?”

एक मुलगी म्हणाली, “काका, तास चालू आहे.”

“मग मलाही शिकव की, जपान्या. ये.”

साकोदाने तेव्हाच त्याला बाहेर काढायला हवं होतं. पण त्याचे कान तापले होते. त्याने पट्टा आवळला आणि तो पुढे गेला.

गोम्बोसुरेन ज्युदोवाल्यांसारखा नाचला नाही. बैलासारखा आला, खांदे धरले, एक हिसडा दिला आणि साकोदा हवेत गेला. पाठीवर असा आपटला की छातीतला वारा संपला. पोरांनी एकच ओरडा केला. कारण तिथल्या कुस्तीत गुडघा टेकला तरी कुस्ती संपते, आणि इथे तर पाठ टेकली होती. गोम्बोसुरेनने तोंड पोरांकडे वळवलं, दोन्ही हात पंखांसारखे पसरले आणि जिंकलेल्या पैलवानाने नाचायचा गरुडाचा नाच तो नाचू लागला.

साकोदाची कुस्ती संपली नव्हती. ज्युदोत पडणं म्हणजे अर्धी लढत. नाचता नाचता पंख खाली झुकला तसा त्याने खालून तो उजवा हात मनगटाशी धरला, दोन्ही पाय छातीवर आणि मानेवर टाकून त्या धिप्पाड माणसाला खाली ओढला, हात मांड्यांमध्ये घेतला आणि कंबर वर उचलली. इथवर अंगाला सवय होती, म्हणून झालं. पण त्याच्या पुढे थांबायची जागा असते. शरण आलेला माणूस तळहात आपटतो आणि आपण सोडतो. गोम्बोसुरेनला तळहात आपटायचं ठाऊक नव्हतं. तो फक्त म्हणाला, “अरे, संपलं! संपलं ना!” साकोदाला तो शब्द कळत होता. पोरांना पकड सोडायला सांगताना तो स्वतः रोज हाच शब्द वापरायचा. पाइप, ढेकूळ, मेंढी, सगळं एकदम आठवलं आणि त्याने कंबर आणखी वर उचलली.

ओली फांदी मोडावी तसा आवाज आला. कोपर नको त्या दिशेला वळलं. क्षणभर साकोदाला बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं. मग त्याने पोरांचे चेहरे पाहिले.

मुख्याध्यापिका न्यामखांदबाई दवाखान्याच्या ओसरीत त्याला भेटल्या. आवाज चढवायची त्यांना गरज नव्हती.

“पडलेल्या माणसाने जिंकलेल्याचा हात मोडला. पोरांच्या देखत. काय शिकवलंत तुम्ही त्यांना?”

“तो मला मारत होता, बाई. महिनाभर. मी काहीच केलं नव्हतं.”

“काही नाही? तुम्ही त्याच्या पायावर पाय दिलात आणि हात दिला नाहीत.”

साकोदाला कळेना. बाईंनी सरळ आपला बूट त्याच्या बुटावर टेकवला, मोजा काढला, त्याचा हात धरून दाबला आणि सोडला.

“एवढंच होतं,” त्या म्हणाल्या. “एवढंही तुम्हाला कुणी सांगितलं नाही, ही आमची चूक. पण हात तुम्ही मोडलात.”

तो तसाच आत धावला. गोम्बोसुरेन खाटेवर बसला होता, उजवा हात दोन फळ्यांत बांधलेला, बोटं तेवढी बाहेर, चेहरा राखेसारखा. साकोदाने मोजा काढून हात पुढे केला.

“आता?” गोम्बोसुरेन म्हणाला. “कुठला हात देऊ तुला? डावा? डावा हात आम्ही कुत्र्यालाही देत नाही. डॉक्टर म्हणतो, हा आता सरळ होणार नाही. माझ्या आयुष्यातली कुस्ती संपवलीस तू. नीघ.”

तोवर वादळ गावावर आलं होतं. जिल्ह्याचा रस्ता बंद. दुसरा भट्टीवाला गुरांमागे माळावर अडकलेला. भट्टी विझली तर पाइपांतलं पाणी गोठणार, पाइप फुटणार, आणि शाळा व वसतिगृह वसंतापर्यंत बंद. वसतिगृहातली पोरं माळावरच्या घरांतली. शाळा सुटली तर ती परत येतीलच याची खात्री कुणी देत नव्हतं.

“हात तुम्ही मोडलात,” न्यामखांदबाई पुन्हा म्हणाल्या. “फावडं तुम्ही धरा.”

भट्टी म्हणजे लोखंडाची एक खोलीच. दार उघडलं की ज्वाळ तोंडावर यायची आणि भुवया जळल्याचा वास यायचा. कोळशाचा ढीग बाहेर, आणि बाहेर वारा असा की उभा माणूस आडवा व्हावा. ढिगापर्यंत दोर बांधला होता. तो धरून जायचं, हातगाडी भरायची, दोर धरून परत. पहिल्याच फेरीत वाऱ्याने साकोदाला भिंतीवर फेकलं आणि ओठ फुटला. वाळूसारखा बर्फ डोळ्यांत, दातांत. त्याने एवढा कोळसा कोंबला की आग गुदमरली आणि काळा धूर उलटा आत आला. खोकून खोकून तो गुडघ्यांवर आला.

“गाढवा, गळा आवळतोयस तिचा!”

दारात गोम्बोसुरेन उभा होता. फळ्या बांधलेला हात कोटाच्या आत, टोपीवर बर्फ. दवाखान्यातून तो तसाच उठून आला होता. पालथ्या बादलीवर तो बसला आणि त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला.

“खालची झडप उघड. ती नाही, आंधळ्या! सळई घे. राख फोड. तुझी आजी तरी याहून जोरात मारेल. मोडताना बरा जोर होता रे अंगात!”

“दादा, घरी जा. तुम्हाला ताप आहे.”

“ती माझी भट्टी आहे. तू मारशील तिला.”

साकोदाने सळई घातली. तळाशी राखेचा दगड झाला होता. तो त्या दगडावर तुटून पडला, स्वतःलाच मारल्यासारखा. ठिणग्या मानेवर पडल्या, बाही पेटली, ती त्याने मांडीवर आपटून विझवली. दगड फुटला. आग एकदा फुसफुसली आणि मग गुरगुरायला लागली.

गाडी पुन्हा रिकामी. मोजे घामाने आणि बर्फाने चिंब, गोठून लाकूड झालेले. त्यांत बोटं वळेनात. बाहेर ढिगापाशी साकोदाने उजवा मोजा काढून टाकला आणि गाडीचा लोखंडी दांडा उघड्या हाताने धरला. पहिल्या हिवाळ्यात नवखाच करतो ही चूक. तळहात लोखंडाला चिकटला. त्याला वाटलं, पोळला. सोडवायला गेला तर सुटेना. वारा पाठीवर लाथा घालत होता आणि आत आग खाली चालली होती. तो तसाच चिकटल्या हाताने गाडी ओढत दारापर्यंत आला, आणि तिथे ओरडत हात उपटला. कातडं दांड्यावर राहिलं.

गोम्बोसुरेनने ते पाहिलं. पट्टा थांबला. तो एवढंच म्हणाला, “मेंढीची चरबी आहे फळीवर. चोळ. आणि डाव्याने टाक कोळसा.”

साकोदाने डाव्याने टाकला. मध्ये मध्ये गोम्बोसुरेन उठून आपल्या डाव्या हाताने फावड्याच्या दांड्याला आधार द्यायचा. दोन माणसांचे मिळून दोन धड हात. वाऱ्याने पत्रा उचकटला, तो साकोदाने खांदा लावून दाबला. सकाळी उजेड आला तेव्हा वारा खाली बसला होता.

साकोदा भिंतीला टेकून खाली सरकला, पाय पसरून. तोंड काळं, ओठ सुजलेला, तळहात लाल मांस. शाळेच्या खिडक्यांवर आतून ऊब धरली होती. पाणी सुटून काचांवरून ओघळत होतं.

गोम्बोसुरेन बादलीवरून उठला. त्याच्यासमोर येऊन उभा राहिला. मग जाड बूट उचलून त्याने साकोदाच्या पायावर दाणकन आणला.

साकोदा कळवळला. त्याला वाटलं, आता मारतोय. त्याने डोकं हातांनी झाकलं आणि वाट पाहिली.

मार आला नाही. त्याने वर पाहिलं. गोम्बोसुरेनने कोटातून फळ्या बांधलेला उजवा हात बाहेर काढला होता, डाव्या हाताने कोपराखाली तोललेला. दुखण्याने त्याचं कपाळ घामाने भिजलं होतं. सुजलेली निळी बोटं त्याने साकोदासमोर धरली.

“पाय लागला माझा,” तो म्हणाला. “बघतोस काय?”

साकोदाने सोललेला पंजा वर केला आणि ती बोटं धरली. गोम्बोसुरेनने दाबलीही. दोघांच्याही तोंडून एकदमच किंकाळी फुटली.

तिकडे शाळेची घंटा झाली.

“ओरडू नकोस रे,” गोम्बोसुरेन दात आवळून म्हणाला, पण हात त्याने सोडला नाही. “वर्ग सुरू झालेत.”