शेवटच्या ओळीतली कांता

मी एक जुना मिनीडिस्क रेकॉर्डर आहे. माझं नाव ऐकलं नसेल तर तुमचा दोष नाही, मित्रांनो. कॅसेटच्या मागून आणि मोबाइलच्या आधी आम्ही बाजारात आलो आणि सपशेल आपटलो. फळीवरचा टेपरेकॉर्डर मला 'चार दिवसांचा पाहुणा' म्हणायचा. म्हणो बापडा. आवाज जपण्यात तो माझ्या पासंगालाही पुरत नव्हता, हे मी आजही ठासून सांगतो.

वीसेक वर्षांपूर्वी धर्मेंद्रने मला आखातातून देवळीला आणलं, गाणी रचणाऱ्या आपल्या बहिणीसाठी, कांताबाईंसाठी. सोबत एकच चकती होती. दुसरी देवळीत मिळेना, वर्ध्यातही मिळेना. त्यामुळे माझ्या पोटात एकदाच काय ते भरलं गेलं.

कांताबाईंनी पोरींच्या शिक्षणावर गाणं रचलं होतं. गीताच्या शेवटच्या ओळीत रचणाऱ्याने आपलं नाव गुंफायचं, ही आपल्याकडची रीत. त्यांनीही गुंफलं : 'कांता सांगे, पोरींनो, वही घ्या गं हाती.' बारा वर्षांच्या लेकीने, भावनाने, माझं बटण दाबलं आणि मी ते गाणं टिपलं.

पुढच्या जयंतीला तेच गाणं विहाराच्या गायन पार्टीत त्यांचे दीर मोतीलाल यांनी गायलं. शेवटी मात्र 'मोती सांगे' म्हणाले. टाळ्या पडल्या. घरातल्या घरात भांडण नको म्हणून कांताबाई गप्प बसल्या. मी कपाटात धुमसत राहिलो. मला कोणी विचारलं असतं तर ना!

यंदा पार्टीच्या गाण्यांचं पुस्तक छापायचं ठरलं. भावना आता वर्ध्याला शिक्षिका आहे. छपाईला जाणाऱ्या हस्तलिखितात गाण्याखाली काकांचं नाव पाहून तिने हरकत घेतली. काका म्हणाले, वीस वर्षं मीच गातो, गाणं माझंच. त्यांना ते खरंच वाटत होतं. गळ्याच्या ऑपरेशननंतर कांताबाईंना गाता येत नव्हतं. त्या 'जाऊ दे' एवढंच म्हणाल्या. पुस्तक छापून आलं असतं तर त्यांचं नाव कायमचं गेलं असतं.

भावनाने घर पालथं घातलं. मी सापडलो भंगाराच्या पोत्यात. कांताबाईंनीच टाकलं होतं मला. खोटं कशाला बोलू, फार लागलं ते मनाला.

मोबाइलवाल्या राकेशने मला उलटसुलट करून पाहिलं. म्हणाला, "मॅडम, हे फेल गेलेलं मॉडेल आहे, फेकून द्या." फेल! भावनाने त्याचं ऐकलं नाही. घरी लिंबाने माझा गंज घासला आणि पेन्सिल सेल घातला. पहिल्यांदा मी अडखळलो, कबूल करतो. दुसऱ्यांदा फिरलो.

रविवारी वंदना झाल्यावर तिने मला विहारातल्या स्पीकरला जोडलं. कांताबाईंचा तरुण आवाज घुमला. 'कांता सांगे' आलं आणि सगळे मोतीलालांकडे बघू लागले. ते म्हणाले, वहिनीने नाव बदलून गायलं असेल.

पण लहानग्या भावनाला तेव्हा मला बंद करायचं सुचलं नव्हतं. मी पुढे वाजत राहिलो. त्यात मोतीलालांचाच आवाज आला, "वहिनी, बाईच्या नावाचं गाणं पार्टीत कोन ऐकन? माह्यं नाव टाकतो."

"गाणं माह्यं हाय, भाऊजी," कांताबाईंचा आवाज म्हणाला.

मोतीलालांनी हस्तलिखित घेतलं, स्वतःचं नाव खोडलं आणि वहिनीचं लिहिलं.

"वहिनी, मले खरंच आठवत नव्हतं."

"मले रोज आठवे," कांताबाई म्हणाल्या.

मित्रांनो, जुनं यंत्र भंगारात द्यायचं तर खुशाल द्या. मी दयेची भीक मागत नाही. आधी एकदा त्याचं ऐकून घ्या. आणि माणसांचंही, ती मुकाट्याने 'जाऊ दे' म्हणतात तेव्हा तर नक्कीच.