बाळ निजल्यावरही चालू राहिलेला मिक्सर

मित्रांनो, ओट्याच्या कोपऱ्यात, डब्यांच्या मागे, वायर अंगाभोवती गुंडाळून बसलेला तो जुना मिक्सर म्हणजे मी. माझा पांढरा रंग आता पिवळट झाला आहे आणि झाकणाला चीर गेली आहे. हळू बोलणं मला कधी जमलंच नाही. मी सुरू झालो की घरात दुसऱ्या कोणाचं काही ऐकू येत नाही.

कारखान्यात एकाने माझी मोटर बसवली, दुसऱ्याने पाती घट्ट केली आणि शेवटी एका बाईने मला उलटं करून तळाला लाल बटण लावलं. मोटर फार तापली की ते बटण बाहेर येतं आणि मी बंद पडतो. ते दाबल्याशिवाय मी पुन्हा सुरू होत नाही.

या घरात मला सासूबाईंनी आणलं. काम झालं की त्या मला ओल्या फडक्याने पुसायच्या. त्यांचा मुलगा चिडवायचा, "आई माझ्यापेक्षा मिक्सरला जास्त अंघोळ घालते." पुढे त्याचं लग्न झालं आणि सून आली. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. घरात शिरल्या शिरल्या ती सासूबाईंच्या नाकावरचा चष्मा काढायची, पुसायची आणि परत चढवायची. मग घरभर हसणं चालायचं.

मग बाळ झालं. ते फार रडायचं. खांद्यावर घेतलं, पाळण्यात घातलं, खुळखुळे वाजवले, काही चालेना. एकदा सासूबाईंनी सहज मला सुरू केलं आणि बाळ एकदम गप्प झालं. माझा उदो उदो झाला. मला कॉलर नाही, नाहीतर ताठ केली असती. तेव्हापासून बाळ रडलं की सून मला रिकामाच फिरवू लागली.

हळूहळू बाळ निजल्यावरही मी चालू राहू लागलो. ती माझ्या चालू-बंदच्या बटणावर हात ठेवून समोरच्या फरशीकडे बघत उभी राहायची. रडत नसायची. तिचा चेहरा धुऊन पालथ्या घातलेल्या ताटासारखा कोरा असायचा. नवरा दारातून काही विचारायचा, तर ती माझ्याकडे बोट दाखवायची. ऐकू येत नाही, म्हणून. पाहुण्या बायका म्हणायच्या, "नशीबवान आहेस हो," की ती उठून मला सुरू करायची. सासूबाईंचा चष्मा मळकाच राहू लागला. मी फिरत होतो. मला काही वाटत नव्हतं, मी यंत्र आहे.

एका दुपारी सासूबाई बाळाला कडेवर घेऊन दारात आल्या.

"अगं, बाळ तर माझ्याजवळ आहे," त्या ओरडून म्हणाल्या. "मग हा कोणासाठी चालू आहे?"

ती वळली नाही. मी आधीच तापलो होतो. लाल बटण बाहेर आलं आणि मी बंद पडलो. नळाचं ठिबकणं ऐकू येऊ लागलं.

"आई, मला बाळाबद्दल काहीच वाटत नाही," ती म्हणाली. दूध संपलंय असं सांगावं, तसा आवाज होता. "पाजते, न्हाऊ घालते, पण कोणाचं तरी बाळ सांभाळतेय असं वाटतं. मी उठून निघून गेले तर बरं होईल सगळ्यांचं."

सासूबाईंनी सवयीने मला एका हाताने कलतं केलं. त्यांचं बोट लाल बटणावर आलं. ओठही हलले, असं बोलू नये, हेच त्यांच्या जिभेवर आलं असणार. पण त्यांनी बटण दाबलं नाही. मला मागे सरकवलं आणि बाळासकट जमिनीवर फतकल मारून बसल्या.

"बस इथे. अजून काय वाटतं ते सांग. मी कुठे जात नाही."

ती बोलली. अडखळत बोलली. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "मला यातलं कळत नाही गं. ज्यांना कळतं त्यांच्याकडे जाऊ. दवाखान्यात समुपदेशक बाई बसतात ना, लशीच्या खोलीशेजारी."

संध्याकाळी सासूबाईंचा मुलगा कुरकुरला. घरातलं बाहेर कशाला, म्हणाला.

"मिक्सर तुलाही ऐकू येत होता," सासूबाई म्हणाल्या. "आलास का बघायला? मीही नाही आले." दुसऱ्या दिवशी बाळाला घेऊन तोच तिच्याबरोबर गेला.

तिथे काय बोलणं होई, मला ठाऊक नाही. मी ओट्यावरचा. एवढं ऐकलं की बाळंतपणानंतर अनेक आयांना असं होतं, तो आजार असतो, त्यात त्यांचा दोष नसतो आणि तो बरा होतो. डॉक्टरांनी गोळ्याही दिल्या. ती जात राहिली. सुरुवातीला जशी जाई तशीच परत येई. मग एकदा आल्या आल्या तिने सासूबाईंचा चष्मा काढला आणि पुसला. हसली नाही, पण पुसला. सासूबाईच तेवढ्या रडल्या.

मला डब्यांच्या मागे ठेवलं होतं. बऱ्याच दिवसांनी बाहेर काढलं, तेव्हा भांड्यात खरंच वाटण होतं. मी जोरात फिरत असताना आतल्या खोलीत बाळ रडलं. पूर्वी तिने माझा वेग वाढवला असता. या वेळी तिने मला मध्येच बंद केलं आणि कान देऊन ऐकलं.

"आले रे, आले," म्हणत ती ओल्या हातांनीच पळाली. वाटण अर्धवट राहिलं. संध्याकाळपर्यंत ते माझ्या पात्यांवर वाळलं. असं मला कधी कोणी टाकून गेलं नव्हतं आणि मला त्याचं काही वाटलं नाही. नाही, थोडं बरं वाटलं.

मित्रांनो, माझी काळजी घ्या असं मी म्हणणार नाही. ओल्या फडक्याने पुसलंत की माझं भागतं. पण घरात मिक्सर नेहमीपेक्षा जास्त वेळ चालू राहिला, तर उठून स्वयंपाकघरात जा. भांड्यात काही आहे का, ते बघा. नसेल, तर मला बंद करा आणि तिथेच बसा.