डावीकडचा बोगदा

लाउदेलिनोने पडद्यावरच्या खाणकामगाराला पुन्हा डावीकडे वळवलं आणि छतातून सुटलेल्या दगडाखाली तो पुन्हा मेला. दगडाबाहेर त्याचं हेल्मेट तेवढं उरलं. ते दोनदा उसळलं आणि थांबलं. खेळ विकत घेणाऱ्या माद्रिदच्या कंपनीला मरण गमतीदार हवं होतं.

"काका, उजवीकडे जा म्हणतोय ना," बर्नाबे म्हणाला. "डावीकडे काही नाहीये. रस्ता बंद आहे तिकडे."

"माहीत आहे मला."

"मग कशाला उगाच जीव घालवताय?"

"तीन दिलेत ना तू?" म्हातारा म्हणाला. मग बराच वेळ खोकला आणि पुन्हा खेळू लागला.

त्याची मुलगी एतेल्विना खिडकीशी बसून आलेखाच्या कागदावर चौकोन रंगवत होती. चित्रं तिची आणि यंत्राला समजेल अशा भाषेत खेळ लिहिणं बर्नाबेचं, अशी दोघांची वाटणी होती. यंत्र, म्हणजे टीव्हीला जोडायचा छोटा संगणक, तिच्या भावाचं, नेलचं. खाणीतला पहिला पगार झाला तेव्हा त्याने ओविएदोहून ते आणलं होतं. खोलीही त्याचीच. तो गेल्यावर खोली बंदच होती. नेलचा शाळेपासूनचा दोस्त बर्नाबे खेळाची कल्पना घेऊन आला, तेव्हा एतेल्विनाने ती उघडली. आई, ओलिवा, अजूनही उंबरठ्याच्या आत पाऊल टाकत नसे. काही सांगायचं असलं की दारातूनच सांगायची.

खेळ साधाच होता. खाणीच्या तळाशी अडकलेल्या माणसाला जिवंत वर आणायचं. काळ्याभोर पडद्यावर एका वेळी एकच खण दिसायचा, कडेला पोचलं की पुढचा. कंदिलातलं तेल कमी कमी होत जायचं. हातभर उंचीवरून पडलं तरी मरण, उडी केसभर चुकली तरी मरण, आणि का मेलो हे कुणी सांगायचं नाही. त्या काळचे आमच्याकडचे सगळेच खेळ असे निर्दय होते. तरी माद्रिदहून फोन आला होता की अजून अवघड करा, पोरांना उन्हाळ्यापर्यंत पुरला पाहिजे.

लाउदेलिनोला आधी बटणंच सापडत नसत. कोळशाने कायमच्या काळवंडलेल्या जाड बोटांखाली दोन-दोन एकदम दाबली जायची. आता मात्र तो फाट्यापर्यंत एकही जीव न गमावता यायचा. तिथून उजवीकडे शिड्या वर जात होत्या. तो तिथे थांबायचा, आणि डावीकडे वळायचा. तिन्ही वेळा.

एतेल्विनाचा ब्रश थांबला.

डावीकडचा बोगदा तिने नुसता जागा भरायला काढला होता, असं तिला वाटत होतं. पण टेकू कलले होते ते तसेच, छताची चीर तशीच, जेवताना बाबांनी कितीदा सांगितली होती तशी. तो बोगदा त्यांच्या पायाखालचा होता. तिथलंच छत कोसळून नेल आत अडकला तेव्हा फुप्फुसांतल्या धुळीमुळे त्यांना पेन्शनीत काढून वर्ष झालं होतं. खाणीच्या फाटकाशी उभे राहून ते ओरडत होते, मला सोडा, मला वाट ठाऊक आहे. त्यांच्याच जुन्या सोबत्यांनी त्यांचे हात धरून ठेवले होते. आत घातक वायू भरला होता. वरिष्ठांनी बोगद्याचं तोंड भिंत घालून बंद केलं. ती फोडली तेव्हा घाई करण्याचं कारण उरलं नव्हतं.

संध्याकाळी सफरचंदाच्या दारूच्या, साइडरच्या गुत्त्यात तिने बर्नाबेला गाठलं.

"डावीकडे एक माणूस हवाय मला."

"कसला माणूस?"

बर्नाबे आमच्याकडच्या रीतीने हात उंच करून बाटलीतून ग्लासात धार सोडत होता. धार ग्लास सोडून जमिनीवर पडली.

"मेमरी भरलीय, एतेल," तो म्हणाला. "आणखी एक अक्षर मावणार नाही."

"मग काहीतरी काढ."

"काय काढू?"

"शेवट."

शेवटी एक चित्र होतं. खाणीच्या तोंडाशी उजाडतंय, मागे डोंगर, फाटकाशी वाट बघणाऱ्या बायका. सबंध हिवाळा ती त्याच्यावर झटली होती.

"वेडी आहेस का? तुझं सगळ्यात चांगलं चित्र आहे ते. मरमरून वर आलेल्या पोराला दाखवायचं काय?"

"अभिनंदन म्हण आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू कर. सगळे तेच करतात."

बर्नाबेने सांडलेलं साइडर बुटाने जमिनीवरच्या भुशात पुसलं.

"उभा हवाय की बसलेला?"

"बसलेला."

रविवारी दुपारच्या जेवणानंतर लाउदेलिनो खेळायला बसला. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. बर्नाबेने दगड तसेच ठेवले होते, फक्त दोन दगडांच्या मध्ये एका श्वासाची उसंत जास्त दिली होती. म्हाताऱ्याने डावीकडे वळून ती बरोबर हेरली. पडदा बदलला.

भिंतीला टेकून एक छोटा निळा माणूस बसला होता.

लाउदेलिनोचा हात बटणांवरून उचलला गेला.

"हा कोण?"

बर्नाबे खाली वाकून, ज्यावरून खेळ यंत्रात चढायचा त्या टेपरेकॉर्डरची वायर तपासू लागला. एतेल्विना कागदाकडे बघत राहिली.

म्हाताऱ्याने आपला पिवळा माणूस हळूहळू त्याच्याजवळ नेला. त्या यंत्राला एका चौकोनात दोनच रंग झेपायचे, आणि त्यातला एक काळा. दोघं एकमेकांना टेकले तसे दोघंही पिवळे झाले. कोण कोणता, कळेना. मग त्यातला एक उठून उभा राहिला.

"मागे येतो का हा?"

"येतो," एतेल्विना म्हणाली.

"दमाने जायला हवं मग."

प्रत्येक खणाच्या कडेला तो थांबायचा, मागचा जवळ येईपर्यंत. त्याची काही गरज नव्हती, तो पुढच्या खणात आपोआप आला असता. बर्नाबे ते सांगायला तोंड उघडणार, तोच एतेल्विनाने त्याची बाही धरली. कंदिलाची रेघ बारीक होत गेली. शेवटच्या शिडीवर म्हाताऱ्याचा श्वास घरघरत होता. त्याने मागच्याला आधी शिडीवर येऊ दिलं.

पडदा काळा झाला. अभिनंदन, अशी एक ओळ आली आणि गेली. मग पुन्हा पहिला खण, तळाशी एकटा माणूस, भरलेला कंदील.

एतेल्विनाला एकदम त्या डोंगरांची, उजाडलेल्या आभाळाची फार आठवण झाली. एवढंच दाखवलं आपण बाबांना. लाउदेलिनोने हात पुढे केला आणि टीव्हीची वायर उपटली. पडद्यावरचा ठिपका विझेपर्यंत तो तिथेच बघत राहिला.

ओलिवा दारात येऊन उभी होती. हात ॲप्रनला पुसत होती, पण हात कोरडेच होते.

"वर आलात?" तिने विचारलं.

"आलो."

"दोघं?"

एतेल्विनाने चमकून बर्नाबेकडे पाहिलं. त्याने नकारार्थी मान हलवली. त्यानेही कुणाला सांगितलं नव्हतं.

"दोघं," लाउदेलिनो म्हणाला.