पन्नासाचा दोर

मैदानाभोवती एक्केचाळीस गाड्या होत्या. सव्वीस पिकअप, चौदा मोटारी आणि एक ट्रॅक्टर, जो कोणाचा ते शेवटपर्यंत कळलं नाही. कुत्री सतरा, पैकी दोन मोकळी. माणसं एकशे बारा, यात खेळाडू धरलेले नाहीत. कँटीनच्या गरम पेटीत मीट पाय, म्हणजे खिमा भरलेले पॅटिस, साठ. तापमान सव्वाचारला छत्तीस अंश. खेळाडू छत्तीस: आमच्या वॉराकीचे बावीस आणि पाहुण्या कुरावीलचे चौदा. अठरा-अठरा व्हायला हवेत म्हणून आमचे चार जण त्यांना दिले. दिलेल्या खेळाडूंनी जर्सी उलटी करून घालायची, अशी पद्धत आहे. शिवण बाहेर दिसली की तो त्या दिवसापुरता शत्रू.

फेब्रुवारीतला शेवटचा शनिवार. ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या हंगामापूर्वीचा एकमेव सरावाचा सामना. गोल झाला की गाड्यांचे हॉर्न वाजवायचे ही आमची रीत, पण सरावाच्या सामन्यात कोणी हॉर्न वाजवत नाही. फलकही बंद ठेवतात, कारण या सामन्याचा निकाल धरत नाहीत. म्हणून प्रत्येक जण तो मनातल्या मनात धरतो.

मी केल्विन पेट्शेलच्या पिकअपशेजारी घडीची खुर्ची टाकून बसले होते. केल्विन एकाहत्तर वर्षांचा. बावीस वर्षं मैदानावरच्या रेषा तोच मारतो आणि नऊ वर्षं संघनिवड समितीचा अध्यक्ष आहे. त्याच्या पलीकडे कँटीन सांभाळणारी नोरीन हाउस्लर. तिने १९७४ पासून वॉराकीचा एकच सामना चुकवला आहे, आणि त्या दिवशी तिला मुलगी झाली.

"वाऱ्याच्या दिशेने खेळतोय आपण, म्हणून बरे दिसतोय," केल्विन म्हणाला.

"वाराच नाहीये," मी म्हटलं.

"तेच म्हणतो. वारा असता तर बरे दिसलो असतो."

"आपले चौदा बरे खेळतायत," नोरीन म्हणाली. "त्यांना दिलेले चार त्याहून बरे खेळतायत. दरवर्षीचंच आहे. परक्याच्या घरी पोरं शहाण्यासारखी वागतात."

तिने अठरा म्हणायला हवं होतं. मी दुरुस्त केलं नाही, कारण आमच्या अठरांपैकी चौघे खरोखरच खेळत नव्हते, नुसते उभे होते.

मी वहीत नोंदी घेत होते. मी शेतीशास्त्रात पदवी घेतली आहे आणि गावाबाहेरच्या चाचणी-शेतांवर काम करते. गव्हाचे वाफे आखायचे, मोजायचे, लिहायचे. त्या दिवशी मी फार थोड्या गोष्टी मोजणार होते. खरं तर एकच.

माझा भाऊ रेट नोसके, वय एकोणतीस, आमचा पुढे राहून गोल मारणारा. गेल्या एप्रिलमध्ये पहिल्याच सामन्यात त्याचा उजवा गुडघा गेला. शस्त्रक्रिया झाली, दहा महिने गेले. जानेवारीत केल्विनने त्याला स्पष्टच सांगितलं होतं: पुढे खेळणाऱ्याची किक पन्नास मीटर गेली पाहिजे. जात असेल तर पहिल्या संघात, नसेल तर दुसऱ्या. रेटने घरी येऊन मला सांगितलं की दुसऱ्या संघात तो खेळणार नाही. तो अकरा नंबरची जर्सी परत करेल. हे त्याने टोस्टला लोणी लावता लावता सांगितलं आणि लोणी शेवटपर्यंत नीट पसरवलं.

आता पन्नास मीटर म्हणजे किती, हे आमच्या मैदानावर कोणाला विचारावं लागत नाही. गोलपासून पन्नास मीटरवर पांढरी कमान काढलेली असते. तिच्या ऐन मध्यावर केल्विन मोठ्या आकड्यांत ५० असंही लिहितो. कमानीवरून मारलेला बॉल मधल्या दोन खांबांतून गेला तर सहा गुण, आणि माणूस अजून कामाचा. मध्येच पडला तर लोक घड्याळ बघतात.

पहिल्या भागात रेटने कमानीवरून मारलेला बॉल गोलच्या अलीकडे पडला.

"गुडघा," केल्विन म्हणाला.

"उन्हाळा," नोरीन म्हणाली. "बॉल पण दमतो."

दुसऱ्या भागात पुन्हा तेच झालं.  या वेळी केल्विनने थर्मासचं झाकण उघडून आत पाहिलं आणि परत लावलं.

"एक सांग केल्व," नोरीनने विचारलं, "यंदा मैदानाच्या मधला चौकोन मोठा काढलायस का?"

"चौकोन आहे तेवढाच आहे."

"मग कमान त्याच्या एवढी जवळ कशी? आधी दोघं हटकून लांब बसायची. आता लग्न ठरल्यासारखी बसलीयत."

"गवत वाळलंय. पिवळ्यावर पांढरं जास्त दिसतं."

नोरीनने मान डोलावली. केल्विनने बावीस वर्षं रेषा मारल्या आहेत म्हटल्यावर प्रश्न तिथे संपतो.

तिसऱ्या आणि शेवटच्या भागात, पाच मिनिटं उरली असताना, रेटने कमानीच्या मध्यावर उडी मारून बॉल पकडला. ५० मधल्या शून्यावरच तो उतरला, उजव्याच पायावर, आणि उभा राहिला. बॉल असा हवेत पकडला की त्या जागेवरून निवांत किक मारायला मिळते. समोरचा खेळाडू रेषेवर हात वर करून उभा राहिला. रेट दीड-दोन पावलं मागे गेला. सतरापैकी एक कुत्रं भुंकलं. मग रेट धावत आला आणि त्याने मारली.

बॉल सरळ गेला. उंच गेला. खाली आला तेव्हा टण्ण असा आवाज झाला, जो कँटीनपर्यंत ऐकू गेला. गोलच्या तोंडाशी जमिनीत पाण्याची एक तोटी आहे, तिला लोखंडी झाकण आहे. बॉल नेमका त्यावर आपटला, डावीकडे उसळला आणि बाजूच्या खांबांतून गेला. एक गुण.

"दोन पावलं कमी," केल्विन म्हणाला. त्याने टोपी काढली, पुसली, घातली. "वाईट वाटतं मला, टॅम. पण पन्नास म्हणजे पन्नास. उद्या एकोणपन्नास म्हणाल, परवा पंचेचाळीस. मग कमान काढायचीच कशाला?"

"पन्नास गेली असती तर?" मी विचारलं.

"तर त्याचं नाव मी सगळ्यात आधी लिहिलं असतं. माझं काय त्याच्याशी वैर आहे? त्याच्या बाप्तिस्म्याला मी मेंढीचं अख्खं कोकरू आणलं होतं."

सामना संपला. केल्विनच्या हिशेबाने आम्ही चौदा गुणांनी जिंकलो, नोरीनच्या हिशेबाने दोन गुणांनी हरलो. केल्विन उलट्या जर्सीवाल्यांचे गुण आमच्याच बाजूला धरतो. नोरीन म्हणते, ज्याच्या अंगावर शिवण बाहेर, त्याचं पाप त्याच्या माथी. दोघं यावर बोलत असताना रेट आमच्याकडे आला. गुडघ्याला बर्फाची पिशवी बांधलेली. त्याने जर्सी काढून घडी घातली होती. ओली जर्सी घडी घालणं सोपं नाही, पण नंबर वर येईल अशी घातली होती. केल्विनच्या पिकअपच्या उघड्या खिडकीतून त्याने ती सीटवर ठेवली.

"धुतलेली नाहीये," तो म्हणाला.

"राहू दे गड्या," केल्विन म्हणाला. "दुसऱ्या संघालाही पुढे मारणारा..."

"नको."

"बरं."

"मीट पाय राहिलेत का, नोरीन?"

"सहा आहेत. वरचे दोन घेऊ नकोस, करपलेत."

तो कँटीनकडे गेला. साडेसहाला समिती बसणार होती. तेव्हा सहा वाजून पाच मिनिटं झाली होती.

मी वही उघडली. मला भावाची बाजू घ्यायची नव्हती. निदान वही उघडताना तरी नव्हती. एक आकडा मला पटत नव्हता. कमानीवरून किंवा तिच्या बाहेरून त्या दिवशी एकूण नऊ किका मारल्या गेल्या होत्या. सात माणसांनी, दोन्ही संघांच्या. त्यांतली एकही गोलच्या रेषेपर्यंत हवेतून पोचली नव्हती. गेल्या वर्षीच्या सरावात अकरांपैकी सहा पोचल्या होत्या, तेही पान माझ्याकडे होतं. सात जणांचे गुडघे एकदम गेले असण्याची शक्यता मी बाजूला ठेवली.

आणि दुसरं, मला रुग्णवाहिका आठवली. एप्रिलमध्ये रेट पडला तेव्हा ती मैदानात आली आणि चौकोन व कमान यांच्या मधे आडवी उभी राहिली. तिची चाकं दोन्ही रेषांना लागली नव्हती. मला हे माहीत आहे, कारण ते त्याचा पाय सरळ करत होते तेव्हा मी रेषांकडे बघत होते. आज त्या जागेत माझी खुर्ची आणि वर नोरीन मावली असती, बाकी काही नाही.

"केल्व, कमान कशाने काढतोस?"

"दोराने. आणखी कशाने? गोलच्या मधोमध खुंटी, खुंटीला दोर, दोराच्या टोकाला रंगाचं यंत्र. दोर ताणायचा आणि चालत सुटायचं."

"दोर नवा आहे?"

"नवा?" त्याला राग आला. "दोन हजार नऊ साली मी स्वतः मोजून कापलेला. नायलॉनचा. पन्नास मीटर, वर एक बोट नाही, खाली एक बोट नाही. तो दोर मी दुसऱ्या कशाला वापरत नाही."

नोरीन खुर्चीत पुढे सरकली.

"तो नारिंगी गाठवाला?"

"तोच."

"डिसेंबरात आमचा पिकअप तळातल्या वावरात रुतला होता तेव्हा आणलेलास तो?"

मैदानावर टिटव्या उतरल्या होत्या. माणसं गेली की त्या लगेच उतरतात. मी अकरापर्यंत मोजल्या.

"तुझ्या साखळीचा आकडा तुटला होता," केल्विन म्हणाला.

"मी काही म्हटलं का?"

"दुहेरी करून लावला होता."

"लावला होतास. आणि आमचा ब्रूस म्हणाला होता, केल्व, हा दोर च्युइंगगमसारखा ताणतोय बघ. तू म्हणालास, चांगल्या दोराची तीच खूण."

केल्विन उठला. पिकअपच्या मागच्या फळीवर दोराचं वेटोळं होतं. त्याने ते हातात घेतलं, थोडा दोर सोडवला, ओढून पाहिला आणि परत ठेवला. पंधरा वर्षं मापाचं म्हणून जपलेल्या वस्तूकडे असं बघून काही कळत नाही.

"माझ्या गाडीत टेप आहे," मी म्हटलं. "शंभर मीटरची."

"टेप ताणत नाही?"

"काचेच्या धाग्याची आहे. नाही ताणत."

"सगळेच तसं म्हणतात," नोरीन म्हणाली.

आम्ही तिघं मैदानात गेलो. टिटव्या ओरडत बाजूला झाल्या. केल्विनने टेपची कडी खुंटीच्या भोकावर धरली, गोलच्या रेषेच्या ऐन मधोमध. मी टेप उलगडत कमानीपर्यंत चालत गेले. नोरीन माझ्याबरोबर आली, कारण नोसके घराण्याच्या पोरीने एकटीने नोसके पोराची किक मोजायची हे तिला योग्य वाटलं नाही, आणि तिने तसं सांगितलं. वाचायचं तिनेच ठरवलं. तिने चष्मा लावला आणि वाकली.

"केल्व!" ती ओरडली. "त्रेपन्न चाळीस!"

केल्विनने लांबून हात कानाला लावला. तिने पुन्हा ओरडून सांगितलं. त्याने हात खाली घेतला.  मग त्याने कँटीनकडे पाहिलं. रेट कट्ट्यावर बसून मीट पाय खात होता आणि आमच्याकडे बघत नव्हता.

"कमान परत काढावी लागणार," केल्विन ओरडला.

"ते सोमवारी!" नोरीन ओरडली. "आधी झाकणावर जा!"

तो तोटीच्या झाकणापाशी आला. झाकणावर बॉलच्या चामड्याचा तांबूस डाग होता. गुडघे टेकायला त्याला वेळ लागला. खिशातून समितीचा कागद आणि पेन काढून त्याने शेजारी गवतावर ठेवलं, वर टोपी ठेवली आणि टेपची कडी डागावर धरली. मी टेप घट्ट करून ५० च्या शून्यापाशी, कमानीच्या रेषेवर धरली. रेटने प्रत्यक्षात दीड-दोन पावलं मागून मारली होती. ती पावलं मी धरलेली नाहीत, कारण ती मोजलेली नाहीत.

"घट्ट धरलीस?" नोरीनने विचारलं.

"घट्ट."

"केल्व, तू?"

"वाच गं बाई, वाच. गुडघे दुखतायत."

ती पुन्हा वाकली. एकदा चष्म्यातून वाचलं, एकदा चष्मा वर करून.

"एक्कावन्न मीटर, अठ्ठेचाळीस सेंटिमीटर."