दिवे नसलेला किल्ला

ऑगस्टच्या पौर्णिमेला अख्खं बेट किल्ल्याखाली जमतं आणि त्या एका संध्याकाळी किल्ल्यावरचे दिवे बंद ठेवतात. चंद्र उगवताना मध्ये दिवे कशाला कडमडायला हवेत? तिथल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक.

यंदा फोटो-मंडळाचं पहिलं बक्षीस बेकरीवाल्या पोलिक्सेनीला मिळालं. किल्ल्याचा दगड न् दगड दिसतोय आणि वर डागांसकट लखलखीत चंद्र! पण खरं सांगायचं तर तो चंद्र त्या फोटोतला नव्हताच. किल्ला दिसावा म्हणून तिनं शटर बराच वेळ उघडं ठेवलं आणि चंद्र आला पांढराफटक, नुसता पिठाचा गोळा. मग बाईनं घरी बसून हिवाळ्यातला जुना चंद्र त्या जागी चिकटवला. मंडळात असली चिकटवाचिकटवी चालत नाही.

तिला शिकवलं होतं स्टामाटिस मास्तरांनी. "अगं, चंद्र म्हणजे उन्हातला धोंडा! त्याला दिवसाचंच शटर लाव," असं म्हातारा कानीकपाळी ओरडायचा. बक्षीस जाहीर झालं तेव्हा तोच तिच्याहून जास्त फुलला.

"पोरी, सांग की सगळ्यांना, काय लावलं होतंस?"

पोलिक्सेनी गांगरली. पाठ होतं तेच बोलून गेली, "सेकंदाचा एकशे पंचविसावा भाग, अ‍ॅपर्चर अकरा, आयएसओ शंभर. तुम्ही शिकवलंत तस्संच."

मास्तर फोटोकडे बघतच राहिले. शटर इतकं झटकन मिटलं तर चंद्र झकास येतो, पण तिन्हीसांजेचा किल्ला काळाठिक्कर पडतो. त्यांना कळलं, आणि त्यांना कळल्याचं तिलाही कळलं.

"किल्ल्यावर दिवे होते ना, म्हणून उजळला," ते घाईघाईनं म्हणाले.

एकच हशा पिकला. "ऑगस्टच्या पौर्णिमेला दिवे? मास्तर, उझोचे पेले जास्त झाले वाटतं!" औषधवाला थ्रासोस ओरडला. "आता मंडळ सोडा आणि नातवंडं सांभाळा!"

मास्तरांनी फक्त पोलिक्सेनीकडे पाहिलं. तिचा एक खरा शब्द पुरे होता. पण पहिल्याच रांगेत तिची सासू बसली होती, 'कॅमेरा ठेव आणि पीठ मळ' म्हणणारी, आणि आज तीसुद्धा टाळ्या वाजवत होती.

"असू दे हो," पोलिक्सेनीच्या तोंडून निघून गेलं, "वय झालं की होतं असं."

लोक पुन्हा खो खो हसले. मास्तरांनी मान डोलावली.

"होतं खरं, पोरी," ते म्हणाले आणि स्वतःच टाळ्या वाजवू लागले.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी बक्षीस घ्यायला ती पुढे गेलीच.